गाव नमुना चौदा

दरवर्षी एक जूनला सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केकचा पाऊस पडतो. बाबा, त्यांचे दोन्ही धाकटे भाऊ, आत्या, आत्याचे यजमान आणि आईचा एक मामेभाऊ असे सहा जण त्या एकाच दिवशी जन्मलेले आहेत. ग्रहताऱ्यांचा यात काही संबंध नाही. आमच्या सातारकडच्या त्या पिढीत एक जूनचं कुणीच नाही असं घर सापडणं मुश्कील. एक जून म्हणजे गुरुजींनी दिलेला वाढदिवस.

शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. बाप पोराला बखोटीला धरून घेऊन जायचा. गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप सांगायचा, "भुईमूग काढायच्या टायमाला." मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाताला लागला की पोरगं शाळेच्या वयाचं झालं. रजिस्टरात आकडा तर घालायला हवा, म्हणून सहा वर्षं मागं मोजून एक जून. भावंडांमध्ये दीड-दोन वर्षांचं अंतर राहील एवढी काळजी मात्र गुरुजी घ्यायचे, नाहीतर आईला एकाच वर्षात दोन बाळंतपणं चिकटली असती.

बाबांची शाळेतली तारीख १ जून १९४३. एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे अठ्ठावन्न भरले तसे ३१ मे २००१ ला बाबा शाल-श्रीफळ घेऊन घरी आले. त्या दिवशी त्यांच्या ऑफिसात पाच जणांचा सत्कार एकाच मांडवात झाला होता. पाचही एक जूनवाले. आजी तोवर नव्हती, पण ती नेहमी सांगायची, "ह्यो शिमग्यातला. दारात सोंग आलं हुतं आन् मला कळा सुरू झाल्या. पत्री सरकारचे दिस हुते, रातीला कोण बाहेर पडत नव्हतं, सुईण आणायला तुझ्या आज्याला धा घरं उठवाया लागली." शिमगा आणि एक जून यांचा मेळ बसत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा म्हणायचे, "गुरुजींनी माझा किती महिन्यांचा पगार खाल्ला देव जाणे." तेवढ्यावर विषय संपायचा.

तो विषय परत निघाला माझ्या मुलीच्या ॲडमिशनमुळे.

आम्ही शिंपी. इतर मागासवर्गात येतो. जातीचा दाखला आणि त्यापुढची पडताळणी करायची तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा असा कागद लागतो ज्यावर घरातल्या वाडवडिलांपैकी कुणाची तरी जात लिहिलेली आहे. मी आयुष्यभर खासगी नोकरी केली, मला तो दाखला कधी लागला नाही, म्हणून कधी काढला नाही. आता मुलीचं इंजिनिअरिंग उभं राहिलं आणि मी बाबांच्या शाळेत गेलो. शाळेनं जुनं जनरल रजिस्टर काढून दाखवलं. जातीच्या रकान्यात, सुंदर वळणदार अक्षरात, नुसतंच "हिंदू". बाबांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना गुरुजींनी "हिंदू" करून टाकलं होतं. कंटाळा केला होता की काही ध्येयवाद होता, आता कोण सांगणार. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. सेतू केंद्रातला मुलगा म्हणाला, "काका, मग चौदा नंबर काढा."

चौदा नंबर म्हणजे गाव नमुना चौदा, गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. विदर्भात तिचंच भावंड कोतवाल बुक म्हणून ओळखलं जातं. २०२३ नंतर, कुणबी नोंदींची शोधाशोध सरकारनं हाती घेतल्यावर, या वह्यांना एकदम सोन्याचा भाव आला. त्याआधी त्या तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये लाल-पांढऱ्या फडक्यात बांधून पडलेल्या असायच्या. त्या गाठोड्याला तिथं रुमाल म्हणतात. माझ्या बाबतीत पहिले दोन हेलपाटे "साहेब नाहीत" आणि "रजिस्टर जीर्ण आहे" या दोन वाक्यांत गेले. तिसऱ्या खेपेला एका वयस्क शिपाईमामांना दया आली. त्यांनी रुमाल सोडला आणि मला म्हणाले, "बघा, पण पान उलटताना खालच्या कोपऱ्यातनं धरू नका. वरनं धरा."

वही उघडली आणि मी हातपाय गाळले. सगळी मोडी.

मोडी पुष्कळदा लांबून पाहिली होती. देवळाच्या सनदेत, वाड्याच्या चौकटीत लावलेल्या कागदात. ती शोभेची वस्तू होती. इथं त्यातून आपला बाप शोधायचा होता. बोरूनं हात न उचलता लिहिलेली ओळ पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग पळत जाते, शब्द कुठं तुटतो ते कळत नाही. तहसीलच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एक मोडीवाचक बसतात. निवृत्त शिक्षक, पानाप्रमाणे पैसे घेतात. या दोन-तीन वर्षांत त्यांना जेवायला फुरसत नाही. ते चष्मा कपाळावर सरकवून, नाक वहीला टेकवून वाचायला लागले आणि मला म्हणाले, "सोपी आहे हो. ऱ्हस्व-दीर्घाचा कुटाणा नाही हिच्यात. वेलांटी सगळी दुसरी, उकार सगळे पहिले. तुमच्या शाळेतले मार्क कुणी कापले नसते."

ते वाचत होते आणि मी वहीचे रकाने समजून घेत होतो. तारीख. बापाचं नाव. जात. मुलगा की मुलगी. आमच्या गावच्या त्या वहीत आईसाठी रकानाच नाही. आणि बाळाच्या नावासाठीही नाही. म्हणजे बाबांचं नाव त्या वहीत सापडणारच नव्हतं. कुणाचंच सापडणार नव्हतं. गावच्या कोतवालानं घरोघर फिरून खबर आणायची, वर्दी द्यायची आणि तलाठ्यानं ती उतरवून घ्यायची. बारसं बाराव्या दिवशी, तोवर शाई वाळलेली. अख्खं गाव तिथं "मुलगा" आणि "मुलगी" एवढ्याच दोन नावांनी जन्मलं होतं.

आजीच्या जन्माची नोंद शोधायचा मी मधे एकदा घाट घातला होता, तो का फसला ते तेव्हा लक्षात आलं. तिचं माहेर पलीकडच्या तालुक्यात. जन्मसाल माहीत नाही. मानमोडीच्या साथीत, म्हणजे १९१८ च्या फ्लूत, तिच्या आईचा थोरला भाऊ गेला आणि ही त्यानंतर "चार-सा वर्सांनी" झाली, एवढाच धागा. लग्नात नाव बदललं, माहेरचं नाव तिनं क्वचितच उच्चारलं. आणि इतकं सगळं जुळवून आणलं असतं तरी त्या पानावर मिळालं काय असतं? तिच्या बापाच्या नावापुढं "मुलगी". तिला दोन बहिणी होत्या. तिघींतली आजी कुठली हे वही सांगू शकली नसती. आजीचं नाव सरकारनं पहिल्यांदा नीट लिहिलं ते १९८९ मध्ये, मृत्यूच्या दाखल्यावर. वयाच्या रकान्यात बाबांनी अंदाजानं "६५" सांगितलं.

खरं तर या नोंदींचा कायदा जुना आहे. १८८६ चा. पण तो ऐच्छिक होता, ज्याला हवं त्यानं नोंदवावं असा. गावागावातून आकडे गोळा होत ते वेगळ्या व्यवस्थेनं, पाटील-कोतवाल-तलाठी यांच्यामार्फत. त्यात सरकारला बाळाच्या नावाशी काही घेणं नव्हतं. किती जन्मले, किती मेले आणि कशानं मेले एवढं कळलं की पुरे. "कशानं" याचेही ठरीव खाने होते: पटकी, देवी, प्लेग, हगवण, ताप, इजा. ताप हे सगळ्यात मोठं पोतं. हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग, न्यूमोनिया, सगळं त्यात कोंबलेलं. कोतवाल काही डॉक्टर नव्हता. माणूस मरताना अंग गरम होतं ना, मग ताप.

आणि लोकही खरं सांगायचे असं नाही. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगमध्ये गोरे शिपाई घरात घुसून रोगी उचलून न्यायचे, सामान जाळायचे. त्या धाकानं लोकांनी आजारी माणसं दडवली, मढी गुपचूप पुरली. वहीत नाव जाणं म्हणजे घरावर धाड येणं, हे त्या पिढीच्या अंगात भिनलं असणार. आज आपण दाखल्यासाठी रांगा लावतो, पण ती रांग लागायला शंभर वर्षं गेली आहेत.

सक्ती आली १९६९ च्या जन्म व मृत्यू नोंदणी कायद्यानं, महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून. एकवीस दिवसांत कळवायचं. उशीर झाला तर शुल्क, महिना उलटला तर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, वर्ष उलटलं की पूर्वी थेट मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीत ते काम जिल्हाधिकारी-प्रांत यांच्याकडे आलं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून हा एकच दाखला चालणार आहे. म्हणजे एक जूनवाल्यांची जमात आता संपली. गुरुजींच्या हातातलं हे शेवटचं ज्योतिषही गेलं.

तशी आमच्याकडे नोंद ठेवणारी एक बाई आधीपासून होतीच. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते. तिला लिहायला सोपं जावं म्हणून पाट्याजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. माझ्या मुलीच्या पाचवीला आईनं पेन ठेवलं आणि मी गंमत म्हणून पेनाचं टोपण काढून ठेवलं, तर ती म्हणाली, "हसू नको. तिची एकदा लिहिलेली ओळ खोडता येत नाही." मला नंतर मजा वाटली, कारण कायद्याचंही तेच म्हणणं आहे. नोंदीत चूक निघाली तरी निबंधकानं मूळ ओळीला हात लावायचा नाही. दुरुस्ती समासात लिहायची, खाली सही करायची, तारीख घालायची. चूक आणि दुरुस्ती शेजारी शेजारी राहतात.

त्याच मुलीच्या जन्माच्या वेळी मी पहिल्यांदा तो छापील फॉर्म नीट वाचला होता. त्याला दोन अंगं असतात. एक कायदेशीर माहितीचं, ते रजिस्टरात जातं. दुसरं सांख्यिकी माहितीचं, ते फाडून आकडेवारीसाठी वर पाठवतात. या दुसऱ्या भागात आईला विचारतात: लग्नाच्या वेळी वय किती, शिक्षण किती, या मुलासह आजवर किती मुलं जिवंत जन्मली. हॉस्पिटलच्या खिडकीतल्या बाईंनी हे शेवटचं मान वर न करता विचारलं. माझी बायको "एक" म्हणाली. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला विचारलं तेव्हा तो जरा थांबला आणि म्हणाला, "तीन. पण आता दोन." बाई म्हणाल्या, "जिवंत जन्मली ती सांगा." तो म्हणाला, "तीन."

मृत्यूच्या फॉर्ममध्येही असंच आहे. आई गेली जानेवारी २०२२ मध्ये. धूम्रपान करत होत्या का, किती वर्षं. तंबाखू खात होत्या का, किती वर्षं. सुपारी-पानमसाला, किती वर्षं. दारू, किती वर्षं. फॉर्म भरून घेणारा मुलगा संकोचून म्हणाला, "हे सगळ्यांनाच विचारतो, काका. नाही लिहितो." बाबा म्हणाले, "थांबा. मिश्री लावायची ती." तंबाखू भाजायचा खरपूस वास हा आमच्या घराचा वास होता. सकाळी चुलीपुढं, नंतर गॅसच्या शेगडीपुढं, डाव्या तळव्यावर काळी पूड आणि उजव्या हाताची तर्जनी. त्या वेळेत आईशी बोलायला गेलं की ती नुसतं "हूं" करायची, आणि आम्ही त्याच वेळी जाऊन पैसे मागायचो. मुलानं विचारलं, "किती वर्षं?" बाबा हिशेब करत बसले. "माहेरनं लावत आली नव्हती. आमच्या आईनं सवय लावली. एक्कावन्न धरा." मुलानं ५१ लिहिलं. तो तुकडा फाडला गेला आणि आकडेवारीत कुठंतरी जमा झाला. आमच्या हाती आलेल्या दाखल्यावर त्यातलं काही नाही. मरणाचं कारणही नाही, कारण ते दाखल्यावर उघड करायचं नाही असा कायदाच आहे. करोनात याच कारणानं लोकांचे हाल झाले होते. पन्नास हजारांच्या मदतीसाठी मृत्यू करोनानं झाला हे दाखवायचं, आणि मृत्यूच्या दाखल्यात कारणाचा रकानाच नाही.

लग्नाचं काय सांगावं? आमच्याकडे लग्नाची नोंद म्हणजे भांडी. पातेल्यावर कोरलेलं "चि. सौ. कां. हिस मामांकडून, मे १९७०". १९५३ पासून राज्यात विवाह नोंदणीचा कायदा होता, पण गावाकडे कुणाच्या कानावर नव्हता. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोंदणी सक्तीची करा म्हणून सांगितलं आणि साधारण त्याच सुमारास आई-बाबांना अमेरिकेत बहिणीकडे जायचं होतं, म्हणून त्यांच्या लग्नाचं सर्टिफिकेट लागलं. छत्तीस वर्षांनी दोघं नोंदणी कार्यालयात गेले. तीन साक्षीदार हवे होते. लग्न पाहिलेले तिघे जमवताना घाम फुटला. लग्न लावणारे भटजी कधीच वारलेले, पत्रिका मात्र आत्याच्या ट्रंकेत सापडली, मुंडावळ्यांसकट. टेबलावरच्या बाईंनी आईला विचारलं, "लग्नापूर्वीचं नाव?" आईनं नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ते नाव असं सांगितलं जसं दुसऱ्या कुणाचं सांगते आहे. मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. मला वाटतं बाबाही विसरले होते.

बायकोच्या माहेरी, गोव्यात, हा प्रकार समजतच नाही. तिथं आधी रजिस्ट्रारकडे जाऊन सह्या होतात, मांडव नंतर. पोर्तुगीज अमदानीतली तिच्या आजोबांची जन्मनोंद मी पाहिली आहे. जन्माची वेळ घड्याळ लावून लिहिलेली, आई-बापाची नावं आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांचीही. माझ्या बापाची नोंद शोधायला मोडीवाचक लागला आणि त्यात त्यांच्या आईचं नावही नाही, हे मी सासुरवाडीत सहसा बोलत नाही.

तर मोडीवाचक वाचत होते. "हे बघा. सन एकोणीसशे चव्वेचाळीस, मार्च, चौदा. शिंपी. मुलगा." पुढं आजोबांचं नाव, बिन पणजोबांचं नाव. गावात शिंप्याचं घर एकच. मी मोबाईलवर जुनं पंचांग काढून पाहिलं. त्या वर्षी होळी दहा मार्चच्या सुमाराला होती. चौदा तारखेला शिमगा ऐन रंगात. आजीची साक्ष खरी ठरली आणि बाबांचा हिशेबही लागला: गुरुजींनी दहा महिन्यांचा पगार खाल्ला होता.

काम झालं होतं. नोंद १९६७ च्या आधीची, जात स्पष्ट, बस. मी नकलेचा अर्ज लिहायला घेतला. मोडीवाचक मात्र रिकामटेकडेपणानं, किंवा शिक्षकाच्या सवयीनं, मागची पानं उलटत होते. "तुमचे वडील थोरले ना?"

"हो. सगळ्यात थोरले."

"मग ही कोण?"

३ ऑगस्ट १९४१. शिंपी. तेच बापाचं नाव. मुलगी. आणि त्या ओळीच्या समासात, वेगळ्या शाईत, तिरकं लिहिलेलं एक अक्षर-दोन अक्षर. त्यांनी बोट ठेवलं. "मयत. बारा ऑगस्ट." मग त्यांनी वहीचा मृत्यूचा भाग उघडला, तारखेवरून खाली घसरत गेले आणि एका ओळीवर थांबले. "मुलगी. वय दिवस नऊ. ताप."

आजी तेव्हा सतरा-अठराची असेल. ऐन श्रावण. पाचवी झाली असणार, पाट्यावर कोरा कागद ठेवला गेला असणार. बारसं व्हायला तीन दिवस कमी पडले. लहानपणभर आम्ही त्या बाईच्या कुशीत झोपलो, तिच्या गोष्टी ऐकल्या. प्लेग, पत्री सरकार, गांधीवधानंतरची जाळपोळ, कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, सगळं तिनं सांगितलं. सुकडी किती मिळायची आणि भूकंपाच्या पहाटे शेजारची म्हैस दावं तोडून कुठवर पळाली तेही सांगितलं. हे नाही सांगितलं. न सांगण्यात काही गुपित होतं असंही मला वाटत नाही. नऊ दिवसांचं लेकरू जाणं ही तेव्हा सांगायची गोष्टच नव्हती. त्याच पानावर त्या महिन्यात आणखी चार तान्ही मुलं होती, चौघांपुढं ताप.

आणि तरी ज्यानं हे लिहिलं त्या तलाठ्याला तिचं काही पडलेलं नव्हतं. कोतवालानं वर्दी दिली, त्यानं बोरू बुडवला. पुन्हा मागं जाऊन जन्माच्या ओळीशेजारी "मयत" एवढं लिहायचे कष्ट त्यानं का घेतले कोण जाणे. कदाचित तसा नियम असेल. कदाचित तो टापटिपीचा माणूस असेल. त्याची अक्षरं सगळी सारखी आहेत, गिचमिड कुठं नाही. मुलीचं आणि अडीच वर्षांनी झालेल्या बाबांचं, दोन्ही नोंदी त्याच हाताच्या. तिला नाव नाही आणि बाबांनाही नाही.

मी दोन नकला मागितल्या. नक्कल देणाऱ्या कारकुनानं दुसरा अर्ज परत सरकवला. "हा कशाला? जात दोन्हीकडे तीच आहे. पडताळणीला एक पुरते." मी म्हटलं, असू द्या. त्यानं माझ्याकडे पैसे जास्त झालेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि शिक्का मारला.

बाबांना सांगावं की नाही यात आठवडा गेला. ब्याऐंशी वर्षांचं वय. आयुष्यभर थोरलेपण केलेला माणूस. आजोबा लवकर थकले तेव्हा याच माणसानं कॉलेज सोडलं, मशीनवर बसून नोकरी लागेपर्यंत गावची लग्नाची झबली-चोळ्या शिवल्या, दोन भावांना शिकवलं, आत्याचं लग्न केलं. अजूनही कुणाच्या घरात काही निघालं की पहिला फोन "दादा"ला येतो. नोव्हेंबर होता. पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना, माणसानं आपण जिवंत असल्याचं बँकेत जाऊन कळवायचा. बाबांना मी दरवर्षी नेतो. परतताना रिक्षात सांगितलं. पहिली नक्कल दिली, शिमग्याची. ते खूश झाले, दहा महिन्यांच्या पगाराचा आकडा काढायला लागले. मग दुसरी दिली.

त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मोडीच्या झेरॉक्सखाली मोडीवाचकांनी देवनागरीत उतरवून सही केली होती, ते वाचलं. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. सिग्नल सुटला, रिक्षा कॅनॉलवरून गेली, घर आलं. पैसे देताना म्हणाले, "आई दर श्रावणात एक शुक्रवार काही खायची नाही. आम्हाला वाटायचं जिवतीचा असेल." जिवतीचे शुक्रवार श्रावणात सगळ्याच करतात. मी काही बोललो नाही.

पडताळणीच्या फायलीला वंशावळ जोडावी लागते. प्रतिज्ञापत्रावर झाड काढायचं: पणजोबा, त्यांच्याखाली आजोबा, त्यांच्याखाली बाबा आणि भावंडं, मग मी, मग माझी मुलगी. आमच्या दक्षिणेकडच्या भागात हेळवी यायचे बैलावर बसून, ते अशी सात-सात पिढ्यांची वंशावळ म्हणून दाखवायचे आणि धान्य घेऊन जायचे. त्यांच्या म्हणण्यातही पुरुषच जास्त. आता ते काम तहसीलच्या बाहेरचे टायपिस्ट करतात. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये चौकटींचा साचा तयारच असतो, नावं भरायची फक्त.

बाबांचीच सही लागणार होती, म्हणून त्यांना घेऊन गेलो. टायपिस्टनं पणजोबा टाकले, आजोबा टाकले, खाली चार चौकटी घेतल्या. "पहिलं नाव सांगा, आजोबा. तुमचंच ना?"

"पाच घ्या," बाबा म्हणाले.

त्यानं पाचवी चौकट शेवटाला ओढली. "हे कोण?"

"बहीण."

"नाव?"

"नाव नव्हतं ठेवलं."

टायपिस्टनं माझ्याकडे पाहिलं. मी नक्कल पुढं केली. त्यानं ती वाचली, वय वाचलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजोबा, हिची गरज नाही ओ. लहान गेलेली कोण टाकत नाही. उगीच समितीत कोणी प्रश्न विचारायचं."

"विचारू द्या. कागद आहे."

त्यानं "मुलगी (मयत)" असं टाईप केलं आणि प्रिंट द्यायला हात उचलला. बाबा स्क्रीनकडे वाकले. चष्मा नव्हता, तरी चौकटी मोजल्या.

"शेवटी नको. माझ्या आधी घ्या," ते म्हणाले. "थोरली आहे ती."